सुईला हेतू कळत नाही

सोनारानेच कान टोचावे, असं म्हणताना आपल्या मनात कान नसतात आणि सोनारही नसतो. चार शब्द सुनवायचे तर ज्याचा अधिकार आहे त्याने सुनवावेत, एवढाच अर्थ उरला आहे. पण म्हण शब्दशः घेतली तर तिच्यात एक साधा नियम आहे: शरीराला भोक पाडायचं काम सरावलेल्या हाताने करावं. एक गोष्ट मात्र म्हण विचारत नाही. त्या हातातली सुई आधी कुणाच्या कानातून गेली होती? जंतूंचा शोध लागण्याआधीच्या म्हणीकडून ती अपेक्षा करणं अन्यायाचं होईल. आजच्या माणसाकडून करायला काहीच हरकत नाही.

टॅटू काढून घेणं आणि अंग टोचून घेणं यांवर आपण भरपूर बोलतो, पण ते बोलणं दोनच सुरांत चालतं. एक सूर 'शी, हे काय अंगावर कोरून घेतलंय' असा, दुसरा 'माझं शरीर, माझी मर्जी' असा. वाद शोभतं की नाही याचा, संस्कारांचा, नोकरी मिळेल की नाही याचा. सुईकडे दोघांचंही लक्ष नसतं. पहिल्यांना वाटतं, हौस यांची, मग त्रासही यांनीच भोगावा. दुसऱ्यांना वाटतं, धोक्याबद्दल बोलणारा माणूस आडून नीतीचे धडेच देतोय. मला या दोन्ही बाजूंशी भांडायचं आहे. सुई औषध द्यायला टोचली काय किंवा मनगटावर फुलपाखरू काढायला टोचली काय, जंतूंच्या लेखी सारखंच. मग सुईचे नियमही सारखेच हवेत. आणि ते पाळले जातात की नाही हे तपासायचं काम खुर्चीत बसलेल्या एकट्या गिऱ्हाइकावर सोडून बाकीच्यांनी हात झटकू नयेत.

माझं स्वतःचं उदाहरण फारसं अभिमानाचं नाही. एकोणिसाव्या वर्षी मी कानाची वरची कड टोचून घेतली. दागिन्यांच्या एका दुकानात, प्लास्टिकच्या गनने. टक् असा आवाज, डोळ्यांत पाणी, काम झालं. गन चालवणाऱ्या मुलीने ती आधी स्पिरिटच्या बोळ्याने पुसली होती आणि ते पाहून मला केवढं समाधान वाटलं होतं! तिसऱ्या दिवशी कान टरारून सुजला. मी केस मोकळे सोडायला लागले. 'हल्ली केस बांधत का नाहीस गं?' आईने विचारलं. मी काहीतरी थाप मारली. घरात सापडतील ती मलमं लावून आठ दिवस काढले आणि नवव्या दिवशी ताप भरला तेव्हा डॉक्टरांकडे गेले. कान पाहण्याआधी ते म्हणाले, 'हे असले उद्योग सांगितलेत कुणी?' मग कान पाहिला आणि गप्प झाले. पू काढावा लागला. त्या कडेला आजही बोटाला लागेल असा खळगा आहे.

जखम गनने केली, हे खरं. पण जंतूंना आठ दिवसांची मोकळीक गनने दिली नव्हती. ती मी दिली होती, बोलणी बसतील या भीतीने. म्हणून 'तरुणांना जरा धाक हवा' असं कुणी म्हणालं की मला तो खळगा आठवतो. धाकाने माणूस टोचून घ्यायचा थांबत नाही. सुजलेला कान दाखवायचा थांबतो.

तेव्हा मला माहीत नव्हतं, पण कानाची पाळी आणि कानाची वरची कड या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पाळी मऊ असते, तिच्यात रक्त खेळतं, ती साधारण ६ ते ८ आठवड्यांत भरून येते. वरची कड म्हणजे कूर्चा, हाडासारखी पण लवचिक. कूर्चेत स्वतःच्या रक्तवाहिन्याच नसतात. तिचं पोषण वरच्या पातळ आवरणातून होतं, त्यामुळे जखम भरायला काही महिने, कधी वर्षही लागतं, आणि तिथे जंतू शिरले तर रक्तातल्या संरक्षक पेशी आणि औषध दोन्ही उशिरा पोहोचतात. आवरणाखाली पू साठला की कूर्चा उपाशी मरते आणि कानाचा आकार कायमचा वाकतो.

गनचं म्हणाल तर तिच्यात सुई नसतेच. दागिन्याचाच बोथट दांडा स्प्रिंगच्या जोराने आत घुसवला जातो. धारदार पोकळ सुई कातडी कापत जाते, गन ती फाडत जाते. वर गनचं अंग बहुधा प्लास्टिकचं, वाफेच्या उष्णतेत न टिकणारं. म्हणजे ती खऱ्या अर्थाने निर्जंतुक करताच येत नाही, पुसता येते फक्त. काही नव्या प्रकारांत दागिना बंद पाकिटातून येतो, ती सुधारणा मान्य. कूर्चेला बसणारा दणका मात्र तोच. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात २००० साली एकाच दुकानातून कानाची वरची कड टोचून घेतलेल्यांमध्ये स्यूडोमोनास या जिवाणूचा संसर्ग पसरला. ७ जणांत तो प्रयोगशाळेत पक्का झाला. काहींना रुग्णालयात राहावं लागलं, कान विद्रूप झाले. तपासात तोच जिवाणू सापडला तो जंतुनाशकाच्या फवाऱ्याच्या बाटलीत! जी बाटली पाहून गिऱ्हाइकाला धीर यायचा, तिच्यातूनच आजार आला. स्पिरिटच्या बोळ्याने मला वाटलेलं समाधानही त्याच जातीचं होतं.

टॅटूकडे वळते. 'अंगावर टॅटू काढला' असं आपण म्हणतो, पण इथे भाषा फसवते. टॅटू अंगावर नसतो, अंगात असतो. वरची त्वचा साधारण महिन्याभरात झडून नवी होते. शाई तिथे ठेवली तर चित्र महिन्यात पुसून जाईल. म्हणून सुई त्याखालच्या थरात, एक ते दोन मिलिमीटर खोल, जाते. मिनिटाला शेकडो, कधी हजारो वेळा. प्रत्येक वेळी थोडी शाई आत, थोडं रक्त बाहेर. शरीराच्या दृष्टीने ही घुसखोरी असते, म्हणून पहारेकरी पेशी धावून येतात आणि शाईचे कण गिळतात. गिळता येतात, पचवता येत नाहीत. फ्रान्समध्ये उंदरांवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून कळलं की कण गिळलेली पेशी मरते, कण सुटतात आणि शेजारची नवी पेशी ते पुन्हा गिळते. पहारेकरी बदलत राहतात, कैदी तेच. आपण ज्याला कायमचं चित्र म्हणतो ते खरं तर कधीच न थांबणारी पहाऱ्याची अदलाबदल आहे. (लेझरने टॅटू काढायला इतक्या खेपा का लागतात, त्याचं एक उत्तरही यातच असावं.) काही कण तर त्या जागी थांबतही नाहीत. टॅटूतले रंगकण आणि टायटॅनियम डायऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण माणसाच्या लसिकाग्रंथींत, म्हणजे काखेत-जांघेत असणाऱ्या शरीराच्या गाळण्यांत, जाऊन बसतात, हे २०१७ साली जर्मन आणि फ्रेंच संशोधकांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने दाखवलं.

घाबरवायला हे सांगत नाही. जगभर कोट्यवधी लोक टॅटू घेऊन सुखाने जगतात, आणि बहुतेकांना चार दिवसांच्या खाजेपलीकडे काही होत नाही. मुद्दा एवढाच, की ही लहानशी शस्त्रक्रिया आहे, आणि ती करणाऱ्याला आपण शस्त्रक्रियेचे नियम लावत नाही, रंगाऱ्याचे लावतो. रेषा सरळ आहे का, छटा उतरली का, फोटो कसा येतो. कलाकाराचं काम पाहून त्याला निवडणाऱ्यांपैकी किती जणांनी त्याच्या मागच्या खोलीतलं निर्जंतुकीकरणाचं यंत्र पाहिलेलं असतं?

मग बंदीच का घालू नये, असं विचारणारे असतात. घालून झाली आहे. हिपॅटायटिसचं, म्हणजे यकृताला सूज आणणाऱ्या विषाणूंच्या आजाराचं, कारण देऊन न्यूयॉर्क शहराने १९६१ साली टॅटूवर बंदी घातली आणि ती १९९७ साली उठवली. मधल्या ३६ वर्षांत कलाकार संपले नाहीत, घरांच्या बंद दारांमागे गेले. दक्षिण कोरियात १९९२ साली सर्वोच्च न्यायालयाने टॅटू काढणं ही वैद्यकीय कृती ठरवली, म्हणजे डॉक्टरने काढला तरच कायदेशीर. डॉक्टर काही टॅटू काढायला बसले नाहीत. तिथले कलाकार पाटी न लावता काम करत राहिले आणि त्यांतल्या काहींचं नाव जगभर झालं. शेवटी सप्टेंबर २०२५ मध्ये संसदेने त्यांना परवाना देणारा कायदा मंजूर केला. जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० सालीच टॅटू ही वैद्यकीय कृती नाही असं म्हटलं होतं.

कोरियाच्या निर्णयाचं मला नवल वाटतं ते अशासाठी, की त्यातलं निदान बरोबर होतं आणि उपाय उलटा. सुई टोचली की संसर्गाचा धोका आहे, अगदी बरोबर. पण त्यावरून 'म्हणून हे डॉक्टरांचंच काम' असं निघत नाही. 'म्हणून हे काम करणाऱ्याला निर्जंतुकीकरण शिकवा, त्याची जागा तपासा, नोंदी ठेवायला लावा' असं निघतं. ज्या खोलीला पाटीच नाही, तिथे तपासनीस कोणता दरवाजा ठोठावणार? हिपॅटायटिस सी आणि टॅटू यांच्यावरच्या संशोधनाचा एक आढावा २०१२ साली प्रसिद्ध झाला. व्यावसायिक जागी, नीट काळजी घेऊन काढलेल्या टॅटूंमुळे धोका वाढतो याचा ठोस पुरावा त्यात मिळाला नाही. तुरुंगात किंवा हौशी माणसाकडून काढून घेतलेल्या टॅटूंमध्ये मात्र धोका स्पष्ट वाढलेला दिसला. कातडी तीच, शाईचं तत्त्व तेच. फरक खोलीचा आणि हाताच्या शिस्तीचा. बंदी नेमकी खोली बदलते, आणि ती वाईट दिशेने.

ब्रिटनमधल्या वेल्सने उलट वाट धरली. नोव्हेंबर २०२४ पासून तिथे टॅटू काढणाऱ्याला आणि अंग टोचणाऱ्याला परवाना लागतो आणि जागेला वेगळी मान्यता लागते. माणूस आणि जागा या दोहोंना वेगवेगळं तपासायचं, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. चांगला हात घाणेरड्या खोलीत काय कामाचा?

आता त्या मागच्या खोलीतल्या यंत्राबद्दल, कारण गाडी इथेच अडते. 'आम्ही सगळं स्टरलाइज करतो' हे वाक्य प्रत्येक ठिकाणी ऐकायला मिळतं आणि त्यात प्रत्येकाचा अर्थ वेगळा असतो. कुणी उकळत्या पाण्यात टाकतो. कुणी निळ्या दिव्याच्या कपाटात ठेवतो. कुणी जंतुनाशकात बुडवतो. यांपैकी कशानेही खात्रीचं निर्जंतुकीकरण होत नाही. काही जिवाणू टणक बीजाणूंच्या रूपात उकळत्या पाण्यातही तग धरतात आणि दिव्याचा प्रकाश जिथे पडत नाही, म्हणजे नळीच्या आत आणि सांध्यात, तिथे तो काहीच करत नाही. ते काम दाबाखालच्या वाफेचं, म्हणजे ऑटोक्लेव्हचं. १२१ अंश सेल्सिअसला किमान १५ मिनिटं, किंवा १३४ अंशांना किमान ३ मिनिटं, आणि तीही तापमान तिथे पोहोचल्यानंतर मोजायची. पाकिटावरची पट्टी रंग बदलते हे पाहून लोक निर्धास्त होतात. पट्टी एवढंच सांगते की पाकीट तापलं होतं. जंतू मेले का, हे कळायला चिवट बीजाणूंची कुपी त्याच यंत्रात घालून नंतर ते बीजाणू वाढतात का ते पाहावं लागतं. त्या चाचणीच्या तारखा असलेली वही हा माझ्या मते कुठल्याही स्टुडिओतला सर्वांत सुंदर दस्तऐवज आहे, भिंतीवरच्या चित्रांपेक्षाही. जिथे सुया, कार्ट्रिज, पकड सगळंच एकदा वापरून फेकतात तिथे या यंत्राचं काम उरत नाही. मग सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फोडलं जातं का आणि त्यावरची मुदत काय, एवढं पाहायचं.

हातमोज्यांबद्दलही जरा. ते घातलेले दिसले की आपण खूश होतो. त्या हाताने मग फोन उचलला, दिव्याची दांडी फिरवली, खिशातून काही काढलं आणि पुन्हा कातडीला हात लावला, तर तो मोजा कलाकाराचं रक्षण करतो, तुमचं नाही. हिपॅटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर किमान ७ दिवस संसर्गक्षम राहू शकतो, वाळलेल्या रक्ताच्या न दिसणाऱ्या ठिपक्यातसुद्धा. त्यावर लस आहे आणि टॅटूचा विचार करणाऱ्याने ती आधी पूर्ण करावी, असं मी कुणालाही सांगेन. हिपॅटायटिस सी वर लस नाही; औषधं आता उत्तम आहेत, पण रोग आहे हे वर्षानुवर्षं कळतच नाही, त्याचं काय?

इथपर्यंत सावध गिऱ्हाईक स्वतःला बरंच सांभाळू शकतं. शाईपाशी त्याचं सगळं शहाणपण संपतं. म्हणूनच 'नीट चौकशी करून जा' या सल्ल्यावर मी समाधानी नाही.

न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात २०११ साली टॅटू काढलेल्या १९ जणांना चिवट पुरळ उठलं, आणि तेही करड्या छटेच्या जागी. जागा स्वच्छ, सुया नव्या. दोष निघाला शाईत. करडी छटा आयती तयार करून विकलेली होती आणि तिच्यात मायकोबॅक्टेरियम चेलोनी हा क्षयाच्या जंतूच्या दूरच्या नात्यातला जिवाणू होता. साध्या प्रतिजैविकांना तो दाद देत नाही, उपचार महिनोनमहिने चालतात. ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाणी स्वच्छ असतं म्हणून पुष्कळ जण शाई पातळ करायला ते वापरतात. पण ऊर्ध्वपातित म्हणजे निर्जंतुक नव्हे. हा फरक शाळेत शिकूनही आपण सगळे विसरलेलो असतो. आता तो गिऱ्हाइकाने खुर्चीत बसून ओळखायचा? अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या शास्त्रज्ञांनी २०२४ साली १४ उत्पादकांच्या शायांचे ७५ नमुने तपासले, त्यांतल्या २६ मध्ये जिवाणू होते. लेबलवर 'निर्जंतुक' छापलेल्या बाटल्याही त्यांत होत्या. आणि त्याच देशात त्वचेखाली टोचण्यासाठी म्हणून मंजूर केलेला एकही रंग नाही. गोळीतला किंवा ओठांवरचा रंग मंजुरीशिवाय चालत नाही, मग कातडीच्या आत आयुष्यभर राहणारा का चालावा?

युरोपीय संघाने ४ जानेवारी २०२२ पासून टॅटूच्या शाईतल्या ४,००० हून अधिक रसायनांवर मर्यादा आणली. एक निळं आणि एक हिरवं रंगद्रव्य यांना पर्याय शोधायला वर्षभराची सवलत मिळाली. कलाकारांनी आरडाओरड केली की आमची रंगपेटी हिरावली, गिऱ्हाइकं चोरट्या शाईकडे जातील. ही भीती पोकळ नव्हती. नियम कागदावर कडक आणि अंमलबजावणी ढिली असेल तर तसंच होतं. पण उत्पादकांनी नव्या शाया काढल्या आणि टॅटू काढणं काही थांबलं नाही. शाई बनवणाऱ्याला जाब विचारता येतो तो फक्त कायद्याला. मला किंवा तुम्हाला नाही.

'छोट्या कलाकाराने हा खर्च कसा पेलायचा?' हा आक्षेप मला खरा वाटतो. वाफेचं यंत्र, चाचण्या, नोंदी, फेकून द्यायच्या सुया, सगळ्याला पैसे पडतात, आणि नियम करणारे बहुधा मोठ्या स्टुडिओचाच विचार करतात. त्यावर उत्तर म्हणजे प्रशिक्षण स्वस्त करणं, बीजाणू चाचणीची सार्वजनिक सोय करणं. नियम सैल करणं हे उत्तर नव्हे. जो दवाखाना सुया उकळून वापरतो त्याला आपण 'गरीब आहे बिचारा' म्हणून सोडत नाही.

दुसरा आक्षेप स्वातंत्र्याचा. शरीर माझं, धोका माझा, मध्ये सरकार कशाला? धोका माझा असं म्हणायला तो मला माहीत तरी असायला हवा ना? लाल शाईची ॲलर्जी सगळ्यांत जास्त होते, आणि ती कधी कधी काही वर्षांनी उठते, हे किती जणांना खुर्चीत बसण्याआधी सांगितलं जातं? 'तात्पुरता' म्हणून काढतात त्या काळ्या मेंदीच्या टॅटूत पुष्कळदा केस रंगवायचं पीपीडी हे रसायन असतं. त्याने फोड येतात ते येतात, पण नंतर आयुष्यभर केसांचा रंग लावण्याची चोरी होऊन बसते. लहान मुलांच्या हातावर लोक हे बिनधास्त काढून देतात, तात्पुरतं आहे म्हणून! स्वीडनमधल्या एका अभ्यासात २०२४ साली टॅटू असणाऱ्यांमध्ये लिम्फोमाचं, म्हणजे लसिका संस्थेच्या कर्करोगाचं, प्रमाण २१ टक्के जास्त आढळलं. त्यावरून टॅटूने कर्करोग होतो असं सिद्ध होत नाही. टॅटू मोठा तर धोका मोठा असंही त्यात दिसलं नाही. पण हा प्रश्न अजून उघडा आहे, हे माणसाला कळलं तर त्याचं स्वातंत्र्य कमी होतं की वाढतं? मला वाटतं, वाढतं. आणि उलट बाजूची भीतीही तपासून घ्यावी. टॅटू असेल तर एमआरआय करता येत नाही, ही समजूत घट्ट आहे. ३३० माणसांच्या ९३२ टॅटूंवर झालेल्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत एकालाच टॅटूच्या जागी सौम्य त्रास झाला होता.

गिऱ्हाइकांनाही मी मोकळं सोडणार नाही. लपवालपवी आपणही करतो. मधुमेह, रक्त पातळ करणारी गोळी, जन्मजात हृदयदोष किंवा बदललेली झडप, गर्भारपण, जखमेवर गाठाळ व्रण उठायची प्रवृत्ती. हे विचारलं तर 'काही नाही हो' म्हणून मोकळे होतो, कारण वेळ ठरलेली असते, मित्र सोबत आलेले असतात. दुखू नये म्हणून कुठूनतरी मागवलेलं बधिर करणारं क्रीम जाडसर थापून जातो. त्यातलं लिडोकेन जास्त प्रमाणात, मोठ्या भागावर, वर प्लास्टिक गुंडाळून लावलं तर रक्तात शिरून हृदयाचे ठोके बिघडवू शकतं. ऐन वेळी पिऊन जाणारे तर असतातच. अशांना परत पाठवणारा कलाकार सापडला तर तो सोडू नये.

दागिन्याच्या धातूबद्दल थोडक्यात: 'सर्जिकल स्टील' हा शब्द ऐकायला भारदस्त, पण त्यात निकेल असतं आणि निकेलची ॲलर्जी अगदी सर्रास आढळते. ताज्या जखमेत शरीरात बसवायच्या दर्जाचं टायटॅनियम घालावं. युरोपात टोचलेल्या जागी घालायच्या दागिन्यातून निकेल किती झिरपावं याची मर्यादा इतर दागिन्यांपेक्षा कडक आहे, ती याचसाठी.

आणि नंतरची काळजी, जी सगळ्यांना कंटाळवाणी वाटते. टोचलेली जागा निर्जंतुक सलाइनने, म्हणजे ०.९ टक्के मिठाच्या द्रावणाने, धुवायची आणि बाकी तिला हात लावायचा नाही. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड जंतूंबरोबर नव्या पेशीही मारतात. दागिना गोल गोल फिरवायचा सल्ला जुना झाला. टॅटूची खपली नखाने काढायची नाही, आणि जखम भरेपर्यंत तलाव, समुद्र, नदी बंद. हा शेवटचा नियम कुणी मनावर घेत नाही. यकृताचा आजार असलेला ३१ वर्षांचा एक माणूस टॅटू काढल्यावर पाचव्या दिवशी मेक्सिकोच्या आखातात पोहला. तिथल्या पाण्यातला व्हिब्रिओ जिवाणू टॅटूतून शिरला आणि दोन महिन्यांच्या उपचारांनंतरही तो माणूस वाचला नाही. २०१७ साली ही केस वैद्यकीय नियतकालिकात आली.

टोचलेल्या जागेत पू झाला की घाबरून दागिना काढून टाकतात, तेही चुकतं. भोक वरून मिटतं आणि पू आत कोंडतो. दागिना तसाच ठेवून डॉक्टरांकडे जायचं. दुखणं दिवसागणिक कमी होण्याऐवजी वाढतंय, लाली पसरतेय, लाल रेघ वर सरकतेय, ताप आहे, तर वाट पाहायची नाही. आणि डॉक्टरांना एक विनंती. 'हे असले उद्योग' वगैरे नंतर. आधी जखम पाहा, शाई कुठली होती ते विचारा, पुरळ एकाच रंगात असेल तर त्या जागच्या कातडीचा तुकडा तपासायला पाठवा. तुमच्या एका वाक्याने समोरचा पुढच्या वेळी आठ दिवस उशिरा येतो. मला माहीत आहे.

कानाच्या त्या प्रकरणानंतर पुष्कळ वर्षांनी मी टॅटू काढायला गेले. डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, लहानसा. कलाकार माझ्याहून वयाने लहान, पण त्याने आधी एक पानभर प्रश्न विचारले, मग हात दिव्याखाली धरला आणि म्हणाला, 'ताई, इथे तीळ आहे. हा आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवून या. शाईखाली गेला तर पुढे बदलला तरी कुणाला दिसणार नाही.' मी वैतागले. धीर एकवटून आलेली, आणि हा परत पाठवतोय! तीळ निरुपद्रवी निघाला. तीन आठवड्यांनी त्याने तो मोकळा सोडून दोन बोटं अलीकडे चित्र काढलं आणि जाताना हातात एक कागद दिला. त्यावर तारीख, त्याचा परवाना, सुईच्या पाकिटाचा क्रमांक, तीन शायांची नावं आणि त्यांचे बॅच क्रमांक.

घरी तो कागद टेबलावर पडला होता. आईने चश्मा लावून पुरता वाचला, टॅटूबद्दल चकार शब्द काढला नाही, आणि माझ्या लसीकरणाच्या कागदांच्या फायलीत, हिपॅटायटिसच्या पानामागे लावून टाकला.